वसुलीवाचूनचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाची जिंदगी किती आणि देणे किती, हे विचारणारे लोक गेल्या दीडशे वर्षांत थोडे झाले नाहीत. परंतु त्यांपैकी बहुतेकांना उत्तरापेक्षा वसुलीची चाड अधिक होती. निजामाच्या अमलात पटवारी पेरा आणि सारा लिहून घेई, कारण सरकारचा महसूल त्यावर अवलंबून असे. सावकार आपल्या खतावणीत कुळाचे नाव चढवी, कारण पुढल्या सुगीला त्याच्या खळ्यावर हक्क सांगावयाचा असे. दिवाणी अदालतीचा बेलीफ घरातली भांडीकुंडी मोजी ती जप्तीसाठी, आणि आजचा बँकेचा अधिकारी सातबारा व आठ-अ मागवतो तो तारणासाठी. या सर्वांच्या दप्तरांत मिळून शेतकऱ्याच्या घराचे पुष्कळसे वर्णन सापडेल; पण ते प्रत्येक वेळी त्याच्याकडून काही घ्यावयाच्या हेतूने केलेले असल्यामुळे, घेणाऱ्याला जेवढे दिसावयास हवे तेवढेच त्यात उतरले आहे. ज्याचे त्या घराकडे एका पैचेही येणे नाही अशा माणसाने दारी यावे, घरात आहे काय आणि घर कोणाचे किती लागते हे दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारावेत, आणि उत्तरे लिहून घेऊन निमूटपणे निघून जावे, असा प्रकार देशभर पद्धतशीरपणे सुरू झाला तो स्वातंत्र्यानंतर. अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणी या नावाने तो आज ओळखला जातो. मराठी वाचकाला त्या पाहणीची ओळख व्हावी, आणि तिचे आकडे हाती घेताना ते कोणत्या प्रश्नांतून निघाले याची जाणीव राहावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

रयतेच्या कर्जाची मोजदाद करावी असे सरकारला प्रथम वाटले ते ज्ञानाच्या ओढीने नव्हे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची घरेदुकाने घेरून कर्जरोखे हिसकावले आणि जाळले, व ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले, तेव्हा कुठे सरकारने चौकशी मंडळ नेमून या देण्याचा थांग लावण्याचा प्रयत्न केला. १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा हे त्या खटाटोपाचे फळ. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाचा घरवार हिशेब मांडून १९१७ साली तो प्रसिद्ध केला, आणि गावातली किती घरे आपल्या उत्पन्नावर उभी आहेत व किती केवळ उधारीवर, हे प्रथमच नीट दिसू लागले. हिंगोली त्या वेळी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, होती. इंग्रजी मुलखातला कायदा आणि इंग्रजी मुलखातला अभ्यास, दोन्ही तिच्या सरहद्दीपाशी थांबत. हैदराबाद संस्थानाच्या बाबतीत ती उणीव एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केलेल्या आर्थिक पाहण्यांनी आणि पुन्हा १९४९-५१ च्या ग्रामीण चौकशीने काही अंशी भरून काढली. मराठवाड्याच्या अभ्यासकांनी या दोन्ही ग्रंथांची आजवर जितकी उपेक्षा केली आहे तितकी त्यांच्या वाट्याला यावयास नको होती.

खरी सुरुवात मात्र रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने झाली. ए. डी. गोरवाला हे तिच्या नियामक समितीचे अध्यक्ष होते, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व सनदी अधिकारी बी. वेंकटप्पय्या हे तिच्या सदस्यांपैकी. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे निवडून त्यांतल्या १,२७,३४३ कुटुंबांपर्यंत पाहणीचे अन्वेषक पोहोचले, ते अशा काळात की मराठी मुलखात अजून चलनसुद्धा एक नव्हते : हैदराबाद राज्यात हाली सिक्का चालू होता, सहा कलदार रुपयांना सात हाली असा त्याचा सरकारी भाव होता, आणि शेतकऱ्याने सांगितलेले शंभर कोणते, हे विचारल्यावाचून त्याचे देणे कागदावर येणे शक्य नव्हते. १९५४ साली जे निष्कर्ष बाहेर आले त्यांनी दिल्ली-मुंबईच्या दप्तरांत खळबळ उडाली. शेतकऱ्यांनी वर्षभरात काढलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांनी दिलेले ३.१ टक्के, सरकारने तगाई म्हणून दिलेले ३.३ टक्के, व्यापारी बँकांनी दिलेले तर ०.९ टक्के, आणि शेतकरी-सावकार व धंदेवाईक सावकार यांनी मिळून दिलेले जवळजवळ ७० टक्के. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. अर्धशतकाच्या सभा, ठराव, परिषदा आणि अध्यक्षीय भाषणे यांची ही गोळाबेरीज होती. समितीचे मोठेपण असे की, हे सांगून झाल्यावर तिने सहकाराची तिरडी बांधली नाही. सरकारने भागीदार होऊन तो नव्याने उभा करावा असा आग्रह धरला. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच अहवालाच्या शिफारशीतून. आणि पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची होऊन, मराठवाड्याच्या तोंडी पुढे साठ वर्षे ‘एसबीएच’ म्हणून रुळलेली, २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झालेली संस्था जन्माला आली. एखाद्या पाहणीने तालुक्याच्या गावी बँकेची पाटी लावून दाखवावी, असे वारंवार घडत नाही.

तेव्हापासून साधारणपणे दर दहा वर्षांनी हा हिशेब घेतला जातो. १९६१-६२ ची पाहणी रिझर्व्ह बँकेनेच केली. १९७१-७२ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या यंत्रणेने ते काम अंगावर घेतले, आणि १९८१-८२, १९९१-९२, २००३, २०१३ व २०१९ अशा तिच्या फेऱ्या झाल्या. शेवटची, म्हणजे ७७ वी फेरी, ५,९४० खेड्यांतील ६९,४५५ आणि ३,९९५ नागरी विभागांतील ४७,००६ कुटुंबांची आहे. या मालिकेत हिंगोलीचा मागोवा घेऊ पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की पहिल्या पाहणीच्या वेळी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, दुसरीच्या वेळी महाराष्ट्रात आला होता, आणि १ मे १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचा भाग होता. तेव्हा पन्नास-साठ वर्षांपूर्वीची हिंगोली शोधावयाची ती परभणीच्या आणि त्याआधी हैदराबादच्या कागदांत.

पाहणीचे एकक कुटुंब हे आहे, आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. ऐकावयास हे सोपे वाटते. औंढा नागनाथ किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाड्यात तीन भाऊ आहेत, चुली तीन आहेत, पण सातबाऱ्यावर नाव अजून आजोबांचे. वारसनोंदीचा फेरफार कोणी घातला नाही, बहिणींची संमती राहिली आहे, आणि थोरल्याने विहिरीकडचे वावर, मधल्याने माळ व धाकट्याने रस्त्यालगतचे असे तोंडी वाटून घेतले आहे. तलाठ्याच्या दप्तरी हा एक खातेदार. अन्वेषकाला मात्र तीन कुटुंबे मांडून प्रत्येकाच्या वाट्याची जमीन त्याच्या नावे लिहावी लागते, कारण कायदेशीर मालकीबरोबर मालकासारखी वहिवाटही पाहणीत धरली जाते. या ठिकाणी पाहणीचा कागद महसुली कागदापेक्षा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो असे माझे मत आहे. फक्त त्या वाटणीतल्या बहिणी दोन्हीकडे दिसत नाहीत. एकाच चुलीवरच्या नवऱ्याचे किती व बायकोचे किती, हेही कुटुंबाच्या बेरजेत विरघळून जाते.

आता ज्या मुद्द्यावर थोडे रेंगाळणे अवश्य आहे त्याकडे वळतो. २०१९ च्या फेरीत प्रत्येक कुटुंबाची मालमत्ता आणि देणे ३० जून २०१८ या एका दिवशी किती होते, असा प्रश्न होता. शेतीचे वर्ष जुलै ते जून असे धरण्याची वहिवाट असल्यामुळे हा दिवस वर्षअखेरीचा म्हणून योग्यच. परंतु खेड्यातल्या माणसाला तारखेने आठवण होत नाही. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, सोयाबीनच्या पेरणीचे ते दिवस होते. असे काही सांगितले म्हणजे मग तो ‘हां, तेव्हा’ म्हणून बोलू लागतो. आणि तो दिवस कसला? बियाणे आणले, खत आणले, पीककर्ज उचलले किंवा ते मिळेना म्हणून दुसरीकडून पैसे उभे केले, वावर रिकामे होते ते नुकते झाकले. घरातून जे जावयाचे ते सर्व गेले आहे आणि यावयाचे ते दिवाळीच्या आत येणार नाही. वर्षातला देण्याचा हा ऐन भर.

त्या दिवशी घरात काही नसतेच असे मात्र नाही. वसमत, कळमनुरी आणि हिंगोली या तालुक्यांत हळदीचे पीक मोठे आहे. माघ-फाल्गुनात ती काढायची, कुकरात शिजवायची, पंधरा-वीस दिवस खळ्यावर वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची, मग गट्टू वेगळा, कांडी वेगळी असे निवडून कट्टे भरायचे. ज्याला पैशाची निकड आहे तो चैत्रातच वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात ती नेऊन टाकतो, आणि ज्याला थांबणे परवडते तो भावाची वाट पाहत कट्टे थप्पीला लावून ठेवतो. पाहणीचा नियम असा की शेतात उभे असलेले पीक आणि घरात साठवलेला माल यांना मालमत्ता धरू नये. तेव्हा अन्वेषक गोठ्यातली बैलजोडी लिहितो, म्हैस लिहितो, पंप लिहितो, आणि पलीकडच्या खोलीत पाच बैलजोड्यांच्या किमतीची हळद थप्पीला असली तरी तिच्याकडे पाठ फिरवतो. तीच हळद विकून रक्कम बँकेत पडली असती तर मोजली गेली असती. त्याच हळदीसाठी काढलेले कर्ज मात्र न चुकता देण्याच्या बाजूला चढते. नियमाला कारण आहे, हे मी नाकारीत नाही. विकण्या-खाण्यासाठी वाटेत असलेला माल आणि टिकाऊ जिंदगी यांत भेद करणे सर्वत्र मान्य आहे, आणि एकदा धान्याचे पोते मोजावयास घेतले की कणग्या कोठे संपतात हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु परिणाम काय होतो तो पाहण्यासारखा आहे. माल थांबवून ठेवणारा शेतकरी हा बहुधा बरा असलेला शेतकरी; ज्याने चैत्रातच विकून दुकानदाराचे फेडले त्याच्या घरी जूनअखेर न मोजण्यासारखे काही उरतच नाही. म्हणजे या नियमाने जे वगळले जाते ते गरिबाचे नव्हे, थोडे वर असलेल्याचे. हळदीच्या पट्ट्यातले आकडे वाचताना हा एक कट्टा मनाशी जास्तीचा धरून चालावे. सोन्याविषयी बोलणेच नको : परक्या माणसापुढे घरातले सोने खरे सांगणारी गृहिणी अद्याप जन्मावयाची आहे.

देण्याच्या बाजूला वेगळ्याच अडचणी आहेत. ‘कर्ज आहे का?’ असा सरळ प्रश्न केला तर हिंगोलीकडचा शेतकरी बँकेचे, सोसायटीचे किंवा ट्रॅक्टरच्या कंपनीचे तेवढे सांगतो, कारण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ज्याचा बोजा चढला ते कर्ज, अशी त्याची समजूत आहे. पाव्हण्याकडून घेतलेले ते हातउसने. कृषी सेवा केंद्रातून औषध-खत नेले आणि माल आल्यावर देऊ म्हटले ती उधारी. अडत्याने माल आपल्याकडेच घालावा या बोलीवर पुढे केली ती उचल. पाहणीत या सर्वांना जागा आहे : नातेवाईक-मित्रांचे बिनव्याजी उसनेसुद्धा देणेच धरले जाते, आणि धनकोंच्या यादीत जमीनदार, शेतकरी-सावकार, धंदेवाईक सावकार, निविष्ठांचा विक्रेता, अडत्या असे सगळे वेगवेगळे आहेत. म्हणून जाणता अन्वेषक ‘कर्ज’ हा शब्द मागे ठेवून एकेकाचे नाव घेत पुढे जातो. तरीही काही देणी कोणत्याच रकान्यात धड बसत नाहीत. गुढीपाडव्याला सालगडी राहताना घेतलेली आगाऊ रक्कम, किंवा दसरा-दिवाळीच्या आधी ऊसतोडीसाठी जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल, ही पैशाने नव्हे तर अंगमेहनतीने फिटावयाची असते. हंगाम अपुरा पडला तर बाकी राहते आणि ती बाकी पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे बांधून ठेवते. जमिनीचा तुकडाही ज्याच्यापाशी नाही अशा घराचे हेच मुख्य देणे असते, आणि धनको म्हणून मुकादमाला कोणत्या शीर्षकाखाली बसवावे हे बरेचसे लिहिणाऱ्याच्या तारतम्यावर राहते.

याहून निसरडा प्रकार खरेदीखताचा. खासगी सावकाराने पैसे देताना गहाणखत न करता जमिनीचे सरळ खरेदीखत करून घ्यावे, आणि पैसे फिटले की परत करून देईन असे तोंडाने सांगावे, ही चाल मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. कागदोपत्री येथे कर्जच नाही, विक्री आहे. अन्वेषकाने विचारले तर जमीन गेली म्हणावी की आहे म्हणावी, हे त्या माणसाला स्वतःलाच ठरवता येत नाही. जमीन तोच कसतो, पण नाव दुसऱ्याचे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने अशी खरेदीखते चौकशीअंती रद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे, यावरून हा व्यवहार किती रूढ असेल त्याची कल्पना करावी. पाहणीच्या हिशेबात मात्र अशा घराची जमीन आणि देणे दोन्ही एकदमच नाहीशी होण्याचा संभव असतो.

उत्तरे बदलतात ती केवळ विस्मृतीने नव्हे. प्रश्नकर्त्याला काही वसूल करावयाचे नाही, हे त्याने कितीही सांगितले तरी समोरच्याचा अनुभव त्याविरुद्ध आहे. आणि अलीकडे त्यात दुसऱ्या अपेक्षेची भर पडली आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, आणि २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, यांमुळे दारात कागद घेऊन आलेला सरकारी मनुष्य आता देणे मागावयास आला नसेल तर माफ करावयास आला असेल, असे लोक गृहीत धरतात. वसुलीची भीती असलेला माणूस देणे लपवी. माफीची आशा असलेला ते पुढे करतो, पण तेवढेच जेवढे माफीच्या यादीत बसेल, म्हणजे बँकेचे आणि सोसायटीचे. सावकाराचे सांगून उपयोग काय? २०१९ ची पाहणी वर्षभर चालली होती ती अशा दोन माफ्यांच्या मधल्या काळात, हे विसरून तिच्यातील संस्थात्मक आणि बिगरसंस्थात्मक कर्जाच्या प्रमाणाकडे पाहणे धाडसाचे होईल.

ते प्रमाण असे : ग्रामीण कुटुंबांच्या डोक्यावरील एकूण देण्यापैकी ६६ टक्के संस्थांचे, ३४ टक्के इतरांचे. १९५१-५२ च्या आकड्यांशेजारी ठेवले की बदल प्रचंड दिसतो, आणि तो खरा आहे. परभणीची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, जी आजही हिंगोली जिल्ह्याला पुरते, गावोगावच्या सोसायट्या, ग्रामीण बँक आणि राष्ट्रीयीकृत बँका यांनी सावकाराची जागा पुष्कळ आकसून टाकली आहे. परंतु ‘संस्था’ या एका छपराखाली आज कोण कोण आले आहे तेही पाहावे. बचतगटांमार्फत किंवा पाच-दहा बायकांचा गट करून कर्ज देणाऱ्या वित्तकंपन्याही तेथेच आहेत. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या दिवशी त्यांचा माणूस गावात येतो, एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या जणींनी भरावा लागतो, आणि त्या दिवशी हप्ता जुळवण्यासाठी शेजारणीकडून जे हातउसने होते ते कोणाच्याच हिशेबात जात नाही. तक्त्यात ही संस्थात्मक पतपुरवठ्याची प्रगती आहे. ज्या घरात ती पोहोचली तेथल्या बाईला जुना सावकार बरा वाटतो असे मी म्हणणार नाही. पण त्या दोघांतला फरक तक्त्यावरून जेवढा मोठा भासतो तेवढा तिला भासत नसावा.

राहिले सरासरीचे आकडे, जे वर्तमानपत्रांत सर्वांत आधी येतात आणि ज्यांचा अर्थ सर्वांत कमी असतो. ३० जून २०१८ रोजी ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता १५,९२,३७९ रुपये आणि सरासरी देणे ५९,७४८ रुपये. कर्जदार कुटुंबे शंभरांत ३५. नागरी कुटुंबाची मालमत्ता २७,१७,०८१ आणि देणे १,२०,३३६. खेड्यातील मालमत्तेपैकी ६९ टक्के एकट्या जमिनीची किंमत, आणि २२ टक्के घरादारांची. पंधरा लाखांची जिंदगी आणि साठ हजारांचे देणे, मग ओरड कसली, असा प्रश्न यावर शहरी वाचक विचारतो. त्याला दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की ती जमीन विकावयाची नसते. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गालगत हिंगोलीजवळच्या वावराला आज जो भाव सांगितला जातो त्याने मालकाच्या पिकात एका क्विंटलची भर पडलेली नाही, फक्त पाहणीतली त्याची श्रीमंती वाढली आहे. दुसरी ही की शेती करणाऱ्या कुटुंबाची सरासरी मालमत्ता २२,०७,२५७ रुपये असताना शेती न करणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची ७,८५,०६३ आहे, आणि वरच्या दहा टक्के ग्रामीण कुटुंबांकडे एकूण मालमत्तेपैकी निम्म्याहून थोडे अधिक, तर खालच्या निम्म्या कुटुंबांकडे मिळून दहा टक्क्यांच्या जवळपास आहे. ही विषमता दाखवणारे तक्ते अहवालाच्या मागच्या पानांत असतात. वाचकाने तेथूनच सुरुवात करावी असे मी सुचवीन.

शेवटी हिंगोलीविषयी. २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याचे स्वतंत्र आकडे कर्ज व गुंतवणूक पाहणीच्या अहवालात शोधू नयेत. देशातील ५,९४० खेडी सातशेच्या घरातील जिल्ह्यांत वाटली तर जिल्ह्याला सरासरीने आठ-नऊ गावे येतात, आणि तेवढ्यावरून राज्याचा अंदाज बांधता येतो, जिल्ह्याचा नाही. केंद्राच्या नमुन्याबरोबरच राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आपला स्वतंत्र नमुना घेत असते, आणि जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांची रचना जिल्हा हा मूळ स्तर धरून होऊ लागली आहे; हे दोन्ही नमुने एकत्र केले तर यापुढच्या फेरीत जिल्ह्यापुरते काही बोलणे शक्य होईल. तसे झाले तरी येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्याखालचे वसमतचे हळदीचे वावर आणि औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यातला, पावसावर जगणारा मुरमाड माळ यांची मिळून एकच सरासरी निघेल. म्हणून जिल्ह्याचा आकडा हाती येईल तेव्हा तो जमिनीच्या धारणेप्रमाणे फोडून मागावा, आणि भूमिहीन कुटुंबांचा तक्ता वेगळा मागावा. तो मिळेपर्यंत राज्याच्या तक्त्यांतील अल्पभूधारक आणि भूमिहीन यांच्या ओळी वाचणे हाच त्यातल्या त्यात जवळचा मार्ग आहे.